न खणता मुळांचा कानोसा: आवाजाने जमिनीखालची मुळं कशी शोधावीत

झाडाच्या बुंध्यावर हातोडीचा एक घाव घातला की आवाज दोन वाटांनी जमिनीत शिरतो. एक वाट मातीतून जाते, ती रेंगाळणारी. दुसरी मुळाच्या लाकडातून जाते, ती धावणारी. बुंध्यापासून मीटरभरावर जमिनीत लोखंडी गज रोवला, त्याला सेन्सर लावला आणि आवाज पोहोचायला किती वेळ लागला ते मोजलं, तर गजाजवळून मूळ जातंय की नाही हे कळतं. पद्धत एवढीच. बाकीचा लेख ती नीट कशी करायची आणि ती फसवते कुठे, यावर आहे. फसवते ती भरपूर.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. यातून सोनोग्राफीसारखं चित्र मिळत नाही. हाती येतो तो फक्त वेळ, मिलिसेकंदांत. त्या वेळेवरून मूळ ओळखायचं असेल तर आधी आपल्या जमिनीत, त्या दिवशी, आवाज किती वेगाने चालतो हे ठाऊक असावं लागतं. लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

माती आवाज खाते, किती खाते?

ताज्या, ओल्या लाकडात धाग्यांच्या दिशेने आवाज सेकंदाला साधारण २००० ते ४००० मीटर जातो. हवेत, २० अंश तापमानाला, ३४३ मीटर. आणि मातीत? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वेगवेगळ्या मातींवर झालेली मोजमापं २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत वेग सेकंदाला ८६ ते २६० मीटर भरला. वरच्या थरातली भुसभुशीत माती हवेपेक्षाही मंद असते. कण जड, पण एकमेकांना जेमतेम टेकलेले. त्यामुळे ढकलाढकली पुढे सरकायला वेळ लागतो.

त्याच मोजमापांतला दुसरा आकडा आपल्या जास्त कामाचा आहे. माती दर सेंटिमीटरला, दर किलोहर्ट्झमागे ०.१२ ते ०.९६ डेसिबल आवाज गिळते. मधला ०.५ धरून हिशेब करा. १ किलोहर्ट्झचा आवाज ३० सेंटिमीटर मातीतून गेला तर १५ डेसिबल कमी होतो, म्हणजे अजून ऐकू येतो. १० किलोहर्ट्झचा तेवढ्याच मातीत १५० डेसिबल घटतो, म्हणजे संपलाच. डॉक्टर पोटावर फिरवतात त्या यंत्राची वारंवारता काही हजार किलोहर्ट्झ असते. ते जमिनीवर का चालत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. जमिनीत काम करतो तो खालचा, ढोबळ आवाज, आणि ढोबळ आवाजाला बारीक गोष्टी दिसत नाहीत.

म्हणून ही पद्धत बुंध्यातून निघणाऱ्या जाड, लाकडी मुळांसाठी आहे. मनगटाएवढी मुळं चांगली सापडतात. सुमारे चार सेंटिमीटरपेक्षा बारीक मुळांचा भरवसा धरू नये. बारीक मुळाचा छेद लहान आणि त्यामानाने मातीला टेकलेला पृष्ठभाग मोठा, त्यामुळे आत शिरलेला आवाज वाटेतच मातीत झिरपून जातो. खोलीचंही तसंच: अर्ध्या मीटरच्या खाली गेलेल्या मुळाचा पत्ता या रीतीने लागणं कठीण. सुदैवाने बहुतेक झाडांची आडवी पसरणारी जाड मुळं वरच्या थरातच असतात.

तंतुमुळांची गोष्ट वेगळी. १९३७ साली डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञाने पेटीत चार महिने वाढवलेल्या राय धान्याच्या एकाच रोपाची मुळं धुऊन मोजली. एकूण लांबी भरली सुमारे ६२३ किलोमीटर. तसलं जाळं हातोडीने सापडणार नाही. त्यासाठी ऐकण्याची निराळी रीत आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

साहित्य

या कामासाठी तयार यंत्रं मिळतात. पण तत्त्व इतकं साधं आहे की संगीत ध्वनिमुद्रणाच्या सामानातून स्वतःचं यंत्र जुळवता येतं. माझ्या मते शिकायला तेच बरं, कारण त्यात लाट डोळ्यांनी दिसते. तयार यंत्रात फक्त आकडा दिसतो आणि आकड्यावर माणूस पटकन विश्वास ठेवतो.

संगणकाला जोडायचा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात आणणारी पेटी हवी, गिटार जोडता येते त्या प्रकारचं इनपुट असलेली. दोन पिझो चकत्या (धक्का बसला की वीज देणाऱ्या; हेच आपले सेन्सर), साधारण २७ मिलिमीटरच्या, आणि त्यांना डाखलेल्या जाळीच्या आवरणाच्या वायरी. साधी वायर आसपासच्या विजेची गुणगुण ओढून घेते. एक मजबूत मेख. दहा मिलिमीटर जाडीचे सारख्या लांबीचे दोन-तीन लोखंडी गज, एका टोकाला धार काढलेले. शंभर-दोनशे ग्रॅमची पोलादी हातोडी. मोजपट्टी, होकायंत्र, खडू, वही. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर.

इंटरफेस सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर दोन नमुन्यांमधलं अंतर २१ मायक्रोसेकंद. मातीत २५० मीटर वेगाने एवढ्या वेळात आवाज जेमतेम पाच मिलिमीटर सरकतो. आपल्याला मोजायचे आहेत ते मिलिसेकंदांचे फरक, म्हणजे अचूकता गरजेपेक्षा जास्तच आहे. ९६,००० वर ठेवलं तर आणखी बरं. मात्र दोन्ही सेन्सर एकाच इंटरफेसच्या दोन चॅनेलवर हवेत. दोन वेगळे रेकॉर्डर वापरून नंतर जुळवून घेऊ म्हणाल तर त्यांची घड्याळं जुळणार नाहीत.

रबरी किंवा लाकडी हातोडी नको. तिचा घाव लांबलचक पडतो आणि आवाज नेमका कधी सुरू झाला ते धूसर होतं. पोलादावर पोलाद, छोटा, कोरडा ठोका हवा.

जाण्याआधी दोन गोष्टी

जमिनीत गज ठोकायचा आहे, तेव्हा खालून विजेची केबल, गॅसची किंवा पाण्याची नळी जाते का याची खात्री करूनच जा. नकाशा मिळवा, जागेच्या मालकाला विचारा. शंका असेल तर त्या बाजूला मोजू नका. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरी गोष्ट दिवस निवडण्याची. मुसळधार पावसानंतर लगेच जाऊ नका. मातीच्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की आवाज पाण्यातून धावू लागतो आणि वेग १५०० मीटरपर्यंत चढतो. मग माती आणि लाकूड यांतला फरक उरत नाही, आणि त्या फरकावरच सगळी पद्धत उभी आहे. उलट, तापून दगड झालेल्या चिकणमातीतही वेग वाढतो आणि गजही नीट बसत नाही. हातात घेऊन दाबली तर गोळा होते पण हात चिखलत नाही, अशी ओल सर्वांत चांगली. वाराही नको. फांद्या हलल्या की बुंधा कुरकुरतो आणि ती कुरकुर सेन्सर इमानदारीने टिपतो.

आधी मातीचा वेग काढा

झाडापासून दूर, पण तशाच मातीत, एक मोकळी जागा शोधा. मेख जमिनीत ठोका आणि तिच्या शेजारी दोन-तीन सेंटिमीटरवर एका छोट्या खिळ्यावर पहिली पिझो चकती बसवा. हा झाला सुरुवातीचा सेन्सर. घाव बसणाऱ्या मेखेवरच चकती चिकटवू नका. जोरदार धक्क्याने पिझोतून मोठा व्होल्टेज निघतो, इनपुटला तो मानवत नाही, आणि चकतीही फुटते. या चॅनेलचा गेन, म्हणजे इंटरफेस आवाज किती वाढवतो ते, अगदी कमी ठेवा.

आता २५ सेंटिमीटरवर गज रोवा, त्याच्या माथ्यावर दुसरी चकती घट्ट बसवा आणि मेखेवर सात ठोके मारा. मग गज ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटरवर न्या. प्रत्येक अंतराला सात वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधली वेळ घ्या. सरासरी नको, मधलीच. सातांतला एक ठोका नेहमी वाकडा बसतो आणि तो सरासरी बिघडवतो.

हे चार बिंदू आलेखावर मांडा: आडवं अंतर, उभा वेळ. बिंदू साधारण सरळ रेषेत यायला हवेत. समजा प्रत्येक २५ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद वाढतोय. तर मातीचा वेग २५० मीटर. रेषा मागे शून्य अंतरापर्यंत वाढवली की उभ्या अक्षाला जिथे छेदते, तेवढा उशीर तुमच्या यंत्राचा स्वतःचा. तो पुढे प्रत्येक वेळेतून वजा करायचा. बिंदू रेषेत येत नसतील तर पुढे जाऊ नका. गज ढिला आहे, लाटेची सुरुवात चुकीची वाचली आहे, किंवा खाली काहीतरी दडलंय.

गज घट्ट बसला का हे ओळखायची माझी युक्ती नखाची आहे. माथ्यावर नखाने टिचकी मारायची. घट्ट बसलेला गज ‘टक्’ असा बसका बोलतो. ढिला असेल तर ‘टण्’ करून घुमतो. ढिला वाटला तर हलवून घट्ट करायला जाऊ नका, भोक आणखी मोठं होतं. उपटा आणि चार बोटं बाजूला नव्याने ठोका. वरचा पालापाचोळा आधी बाजूला सारा. पाचोळ्यात रोवलेला गज म्हणजे उशीत रोवलेली सुई.

हवेचा सापळा

इथे माझा एक वाया गेलेला दिवस सांगतो. एका मोठ्या झाडाभोवती पूर्ण वर्तुळ मोजलं आणि प्रत्येक बिंदूवर वेग आला ३४० ते ३५०. मोकळ्या जागी मातीचा वेग २२० आला होता. मी खूश: चहूबाजूंनी मुळंच मुळं! घरी येऊन आकडे मांडले तेव्हा खटकलं की ते जरा जास्तच एकसारखे आहेत. मुळं इतकी शिस्तीची नसतात. मी मोजला होता हातोडीचा हवेतून आलेला आवाज. माती हवेपेक्षा मंद, त्यामुळे ठोक्याचा आवाज हवेतून आधी पोहोचत होता आणि गजावरची उघडी चकती तो मायक्रोफोनसारखी पकडत होती.

तेव्हापासून प्रत्येक जागी पहिल्यांदा हीच चाचणी घेतो. गज जमिनीतून काढायचा, त्याच जागी हातभर उंचीवर हातात धरायचा आणि ठोका मारायचा. आता जे काही येईल ते हवेचं. त्याची वेळ आणि आकार बघून ठेवा. मग चकतीवर फोमचा जाड तुकडा आणि त्यावर उपडी वाटी ठेवून पुन्हा बघा, हवेची लाट दबायला हवी. तरीही एखाद्या झाडाभोवती सगळीकडे ३४० च्या आसपासच आकडा आला, तर तो निकाल म्हणून लिहू नका.

बुंध्याशी मांडणी

मेख बुंध्याच्या अगदी तळाशी, जिथे खोड फुगून मुळं फुटू लागतात तिथे, सालीतून आत लाकडाला टेकेल एवढीच ठोका. साल आवाज चांगला वाहत नाही, म्हणून लाकडाला टेकणं गरजेचं. पण त्याहून आत जाण्याचं काही कारण नाही, ती जखम आहे. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना मेख ७० टक्के अल्कोहोलने पुसा. रोग वाहून नेणारे आपणच होऊ नये.

सगळं वर्तुळ एकाच मेखेवरून मोजायचा मोह आवरा. झाडाच्या पलीकडच्या बिंदूंसाठी आवाजाला आधी बुंधा आडवा ओलांडावा लागतो, आणि लाकडात आडव्या दिशेने वेग बराच कमी असतो. १२०० मीटर धरला तर ४० सेंटिमीटरच्या बुंध्यात ०.३३ मिलिसेकंद जातात. चार दिशांना चार मेखा ठोका आणि प्रत्येकीवरून फक्त तिच्यासमोरचा चतकोर मोजा. चतकोर जिथे जुळतात तिथले एक-दोन बिंदू दोन्ही मेखांवरून घ्या. ते जुळले तर मांडणी ठीक आहे.

आता बुंध्याच्या कडेपासून एक मीटरवर वर्तुळ आखा. बुंधा ४० सेंटिमीटरचा असेल तर त्रिज्या १.२ मीटर आणि परीघ साडेसात मीटर. दर ३० सेंटिमीटरला एक बिंदू म्हणजे २५ बिंदू. उत्तर दिशेचा बिंदू पहिला, मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. प्रत्येक ठिकाणी गज सारखाच खोल, समजा १० सेंटिमीटर. खुणेसाठी गजावर रंगाची रेघ ओढून ठेवा. गज जाता जाता एकदम अडला आणि ठोक्याला लाकडी आवाज आला तर तिथेच थांबा. मूळ सापडलं, त्याला भोसकायची गरज नाही.

२५ बिंदू, प्रत्येकी सात ठोके. सरावाने दोनेक तास लागतात. एक जण ठोकायला आणि एक जण संगणकापाशी असा जोडीचा खेळ आहे. एकट्याने केलं तर दहाव्या बिंदूनंतर वहीतले आकडे आणि फाइलींची नावं यांचा मेळ सुटतो.

लाट वाचणं

खरं कौशल्य इथे लागतं. लाट पडद्यावर मोठी करून बघा. सुरुवातीच्या चॅनेलवर घाव सुरू होतो ती जागा स्पष्ट दिसते: सपाट रेषा आणि एकदम उसळी. दुसऱ्या चॅनेलवर मात्र बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. आधी एक नाजूक थरथर, आणि तिच्या मागून मोठी, सावकाश लाट. डोळा मोठ्या लाटेकडे जातो. पण मुळातून आलेला आवाज ती नाजूक थरथर आहे; मोठी लाट मातीतून मागाहून आलेली असते. आपोआप वेळ मोजणाऱ्या यंत्रात संवेदनशीलता कमी ठेवली तर ते थरथर सोडून मोठ्या लाटेवर थांबतं आणि मूळ असूनही ‘नाही’ म्हणतं.

म्हणून उभी पट्टी ताणून बघा, आधीच्या सपाट भागातली गुणगुण किती आहे ते ओळखून ठेवा आणि तिच्यातून वर निघणारी पहिली हालचाल पकडा. सातही ठोक्यांत ती त्याच जागी येत असेल तर खरी. एका ठोक्यात इथे, दुसऱ्यात तिथे, असं असेल तर तो गोंगाट. वेळांमधला फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर गज पुन्हा बसवा.

आकड्यांतून मूळ

प्रत्येक बिंदूचं अंतर भागिले वेळ. हा भासमान वेग, कारण आवाज काही वाट लाकडातून आणि काही मातीतून आलेला असतो. वर्तुळावर हे वेग मांडले की काही ठिकाणी सुळके उठतात. तिथे मुळं.

सुळका कसा दिसतो ते एका उदाहरणाने पाहू. मूळ गजाच्या टोकाखाली १० सेंटिमीटरवर आहे, लाकडातला वेग २५००, मातीतला २५०. एक मीटरवरच्या गजापर्यंत लाकडातून ०.४ आणि मातीतून ०.४, एकूण ०.८ मिलिसेकंद. भासमान वेग १२५०. गज मुळाच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाजूला असेल तर मातीची वाट वाढते, एकूण सुमारे १.७ मिलिसेकंद लागतात आणि वेग उतरतो ६०० वर. ५० सेंटिमीटर बाजूला, ४१०. आणि जवळपास मूळच नसेल तर २५०.

यातून दोन गोष्टी निघतात. सुळक्याचा माथा मुळाची जागा सांगतो, पण सुळक्याची रुंदी मुळाची जाडी सांगत नाही. रुंद सुळका बघून ‘केवढं मोठं मूळ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. रुंदी येते ती बाजूच्या मातीतून मुळापर्यंत जाणाऱ्या वाटेमुळे. आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर चालणारी दोन मुळं एकच सुळका देतात. संशय असेल तिथे बिंदू १० सेंटिमीटरवर घ्या.

मग दुसरं वर्तुळ दीड मीटरवर, जमलं तर तिसरं दोन मीटरवर. एका वर्तुळावरचा सुळका पुढच्या वर्तुळावर त्याच दिशेला किंवा थोडा सरकून दिसायला हवा. असे माथे जोडत गेलं की मुळाची वाट कागदावर उमटते. दुसऱ्या वर्तुळावर अचानक गायब झालेला सुळका म्हणजे मूळ बारीक झालं, खोल गेलं, फाटे फुटले, किंवा पहिल्या वेळी तुम्ही चुकलात. यांतलं नेमकं कोणतं, ते आकडे सांगत नाहीत.

खोली काढायची असेल तर

एका मुळाची वाट नक्की झाली की त्याच रेषेवर अर्ध्या, एक आणि दीड मीटरवर मोजा. समजा वेळा आल्या ०.६२, ०.८२ आणि १.०२ मिलिसेकंद. अर्ध्या मीटरला ०.२ मिलिसेकंद वाढले, म्हणजे लाकडातला वेग २५००. रेषा मागे शून्यापर्यंत नेली तर ०.४२ उरतात. यंत्राचा उशीर ०.०२ वजा केला की ०.४०. हा वेळ गेला मुळापासून गजापर्यंतच्या मातीत. गुणिले २५०, म्हणजे १० सेंटिमीटर. गज १० सेंटिमीटर आत होता, तेव्हा मूळ जमिनीखाली सुमारे २० सेंटिमीटरवर. लाकडातला वेग मातीच्या कितीतरी पट असल्यामुळे हा सोपा हिशेब चालतो.

इथे गजाची लांबी आड येते. पोलादात आवाज सेकंदाला जवळपास ५००० मीटर धावतो, त्यामुळे गजाच्या ज्या भागाला मूळ सर्वांत जवळ, तिथूनच तो वर येतो. ३० सेंटिमीटर खोल गज ठोकला असेल तर मोजलेलं अंतर खालचं नसून बाजूचं असू शकतं. खोलीसाठी नेहमी आखूड गज घ्या. लांब गज मूळ आहे की नाही हे शोधायला बरा.

काय काय फसवतं

फरसबंदी आणि डांबर सर्वांत वाईट, कारण ते स्वतःच वेगाने आवाज वाहून नेतात आणि बुंध्याला टेकलेले असतील तर वर्तुळभर खोटे सुळके उठवतात. सुटा दगड त्या मानाने निरुपद्रवी, कारण तो बुंध्याशी जोडलेला नसतो आणि वेळ फार तर किंचित कमी करतो. जुनी नळी मुळाला चिकटून गेली असेल तर नळीचा माग मुळाचा म्हणून निघतो; शंकास्पद सरळ, एकसुरी रेषा दिसली तर आधी नळीचा विचार करा. शेजारच्या झाडाच्या मुळाशी कलम झालेलं मूळही गोंधळ घालतं. त्यासाठी शेजारच्या झाडावर ठोका मारून तोच बिंदू ऐका.

आणि कुजकं मूळ. मूळ दिसतंय, पण त्यातला वेग शेजारच्या मुळांच्या निम्मा येतोय, असं झालं तर लाकूड आतून खराब असण्याची शक्यता धरा. तेवढ्यावरून झाड धोकादायक ठरवू नका. तो निर्णय झाडांची तपासणी जाणणाऱ्या माणसाचा, आणि त्यालाही आणखी पुरावा लागतो. खंदकाची जागा ठरवण्यासाठी मोजत असाल तर हे लक्षात असू द्या: ‘सुळका नाही’ याचा अर्थ एवढाच, की उथळ आणि जाड मूळ नाही. बारीक आणि खोल मुळं तिथे असूच शकतात.

न खणता म्हणता म्हणता शेवटी दोन छोटे खड्डे घ्यावेच लागतात. एक सर्वांत उंच सुळक्यावर, एक सर्वांत खोल दरीत. खुरप्याने, हळूहळू, मूळ न दुखवता. फक्त सुळक्यावर खणून मूळ सापडलं की लोक खूश होऊन थांबतात. पण दरीत मूळ निघालं तर तुमचं अख्खं वर्तुळ पुन्हा वाचावं लागेल, आणि ते आताच कळलेलं बरं.

बारीक मुळांसाठी: न ठोकता ऐकणं

वाढणारं मूळ मातीचे कण बाजूला सारतं. कण एकमेकांवर घासतात, सरकतात, आणि त्यातून फार सूक्ष्म, बरेचदा कानाच्या टप्प्यापलीकडचे आवाज निघतात. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गांडुळांचं बीळ खोदणं आणि मुळांचं वाढणं या दोन्हींचे असे ध्वनिसंकेत टिपल्याचं प्रसिद्ध केलं. इथे ठोका नाही, वेग नाही. नुसतं मोजायचं, तासाला किती टिकटिक झाली.

कुंडीत करून बघता येतं, पण माती उच्च वारंवारता गिळते हे विसरू नका. सेन्सर मातीवर ठेवून काही ऐकू येणार नाही. मातीतून आरपार जाणारी एक पातळ धातूची कांब आवाजाची वाट म्हणून घाला आणि सेन्सर तिच्या बाहेरच्या टोकाला बसवा. कुंडी फोमवर, शांत खोलीत, तापमान स्थिर. सर्वांत महत्त्वाची दुसरी कुंडी: तीच माती, तेवढंच पाणी, तशीच कांब, फक्त रोप नाही. माती सुकतानाही तडकते आणि टिकटिकते, पाणी घातल्यावर बुडबुडे सरकतात तेव्हाही. रोप नसलेल्या कुंडीतली टिकटिक वजा केल्याशिवाय मुळाबद्दल एक शब्दही बोलता येत नाही. पाणी घातल्यानंतरचे पहिले काही तास तर दोन्हीकडचे सोडूनच द्या.

तिसरी वाट अजून प्रयोगशाळेतली. सूक्ष्मलहरींचा अतिशय छोटा झोत जमिनीत सोडायचा; पाण्याने भरलेली मुळं आणि भोवतालची माती तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, शोषणारा भाग कणभर तापून फुगतो आणि त्या फुगण्यातून अल्ट्रासाउंड निघतो. आवाज मुळापाशीच जन्मतो, त्यामुळे त्याला मातीतून एकदाच प्रवास करावा लागतो, जाऊन परत यावं लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर काम झालं, अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आर्पा-ई संस्थेच्या मुळांवरच्या कार्यक्रमातून. घरी करून बघण्याची ही गोष्ट नव्हे.

वहीत काय लिहून ठेवायचं

तारीख, मातीची ओल (हाताने दाबून काय वाटलं ते शब्दांत लिहिलं तरी चालेल), त्या दिवशीचा मातीचा वेग, यंत्राचा उशीर, मेखांच्या जागा, बिंदू क्रमांक, अंतर आणि सातही वेळा. फक्त मधली वेळ लिहून बाकीच्या खोडू नका, आणि मूळ ध्वनिफितीही जपून ठेवा. सहा महिन्यांनी लाटा पुन्हा वाचल्या की निदान दोन-तीन बिंदूंवर तेव्हा सुटलेली थरथर हमखास दिसते. पुढच्या वर्षी त्याच झाडाशी परत यायचं असेल तर उत्तरेचा पहिला बिंदू एका पक्क्या खुणेपासून मोजून ठेवा. बुंध्यावर खडूने काढलेला बाण पहिल्याच पावसात जातो.